‘पुढच्या साली बघू’

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तीन वर्षांपासून शिक्षक आहे. वर्गातली निम्मी मुलं दिवाळीच्या आगेमागे आईबापासोबत ऊसतोडीला जातात. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते, तरी पालक मुलांना घेऊनच जातात. मजुरीपोटी आगाऊ मिळणारी उचल हातात येते आणि लग्नात नाहीतर मोबाइलमध्ये संपते. पुढचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘बघू’. गरिबीनं माणसाची आशाच मरते का? की आशा नाही म्हणून गरिबी हटत नाही? आणि पालकसभेत मी नेमकं काय बोलावं?

उत्तर:

सर, तुमचा हा ‘बघू’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ऊसतोड कुटुंबांत बचत गटाचं आणि मुलांच्या वसतिगृहाचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. त्यातली पहिली पाच-सहा मी याच शब्दावर चिडण्यात घालवली. पुढे कळलं की ‘बघू’ निरनिराळ्या कारणांनी म्हटलं जातं. कधी मला, म्हणजे त्यांच्या ताईला, तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून. कधी सासऱ्याला विचारावं लागेल म्हणून. आणि बहुतेक वेळा, टोळी नेणाऱ्या मुकादमाचं अजून काही ठरलेलं नाही, कोणता कारखाना ते माहीत नाही, गाडी कधी येईल ते माहीत नाही, म्हणून. ज्याला खरंच माहीत नाही त्यानं दुसरं काय म्हणावं? आपल्याला मात्र सगळे ‘बघू’ सारखेच ऐकू येतात आणि आपण त्यावर ‘उदासीनता’ अशी चिठ्ठी चिकटवतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की आशा मरत नाही, तिची पोच आखडते. पगारदार माणूस पाच-दहा वर्षांपुढचं बोलतो, कारण मधली वर्षं त्याला दिसत असतात. ऊसतोड कामगाराला दिसतं ते उचल फिटेपर्यंतचं. हे नुसतं म्हणायला नाही, कागदावर मांडून बघा.

एका कोयत्यानं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीनं, १ लाख २० हजार उचल घेतली असं समजू. २०२४ च्या जानेवारीत दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, त्यानंतरचा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये धरा. उचल फेडायला सुमारे ३२८ टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं पहाटेपासून मर मर मरून दिवसाला दोन टन तोडला तर झाले १६४ दिवस. हंगाम चालतो किती? साडेचार महिने चालला तर चांगला म्हणायचा. एकही दिवस आजारी न पडता, एकही खाडा न करता १३० दिवस काम केलं तरी ९५ हजारांचं होतं. वर आठवड्याची खर्ची घेतलेली असते, ती वेगळी. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठमिरची भागते. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा मुकादमाच्या वहीत २५-३० हजार ‘बाकी’ राहतात आणि ती बाकी पुढच्या उचलीच्या डोक्यावर बसते.

म्हणजे पुढचा हंगाम आधीच विकला गेलेला असतो. जे वर्ष आपलं राहिलेलंच नाही त्याचं नियोजन का करत नाही, असं आपण त्या माणसाला विचारतो. आमच्याकडे दोन ऊसतोडवाले चैत्रात भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘फिटली का?’ तब्येतीची चौकशी नंतर.

आता डोक्याचं. गरिबीचा मनावर परिणाम म्हटलं की लोकांना दुःख, न्यूनगंड वगैरे आठवतं. ते असतंच. पण मला जास्त वेळा दिसलं ते वेगळं: डोक्यात जागाच न उरणं. आमच्या गटातल्या एक काकू होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण २० बायकांची महिन्याची वर्गणी, कुणाची थकली, कुणी दोनदा भरली, सगळं तोंडपाठ. वही मी नंतर ताडून बघायची, चूक सापडायची नाही. एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी गटात विम्याची माहिती देत होते. काकू समोरच बसलेल्या, मान डोलवत होत्या. शेवटी मी म्हटलं, “काकू, सांगा बरं, वर्षाला किती भरायचे?” त्या दचकल्या. म्हणाल्या, “ताई, तुमी बोलत व्हता पर माझं ध्यान गोठ्यात. एक बैल चार दिसांपसून उठंना झालाय. गाडी भरायची आली आठ दिसांवर.”

त्यांच्या बैलगाडीची उचल घेऊन झालेली होती. बैल गेला तर दुसरा आणायला व्याजानं पैसे, नाहीतर मुकादमाशी भांडण. त्या तासाभरात काकूंच्या डोक्यात फक्त बैल होता. चैत्रात २० बायकांचा हिशेब सांभाळणारं डोकं तेच, आश्विनात एक आकडा धरून ठेवू शकलं नाही. मला राग आला होता. तो राग आठवला की आजही ओशाळल्यासारखं होतं.

पुढे २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंथिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, तो वाचताना मला काकूच दिसत होत्या. तमिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी त्यांनी घेतले. (ते ऊसवाले, आपले ऊस तोडणारे, हा फरक आहेच.) एकाच माणसाची दोनदा परीक्षा: ऊस तुटण्याआधी हात तंगीत असताना एकदा आणि पैसे हातात आल्यावर एकदा. परीक्षा साध्या. चित्रांच्या नक्षीतला सुटलेला तुकडा ओळखा. किंवा कागदावर ‘५ ५ ५’ लिहिलंय, तर आकडे किती आहेत ते सांगा. उत्तर तीन, पण तोंडात पाच येतं, ते दाबावं लागतं. माणूस तोच, शिक्षण तेच, तरी तंगीच्या दिवसांत हेच शेतकरी हळू पडले, जास्त चुकले. पैशाच्या काळजीनं डोक्यावर येणाऱ्या या ओझ्याची तुलना संशोधकांनी अख्खी रात्र झोप न झालेल्या डोक्याशी केली.

ओडिशातला आणखी एक प्रयोग मला याहून जवळचा वाटतो. पानांच्या पत्रावळी करणारे मजूर. ठरलेल्या मजुरीतला काही भाग काही जणांना ठरल्या दिवसाआधी दिला. मजुरी वाढवली नाही, फक्त लवकर हातात ठेवली. पुढच्या दिवसांत त्यांचं काम सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास वाढलं, जास्त गरजू होते त्यांचं त्याहून जास्त, आणि चुका कमी झाल्या. आता ‘हे लोक मन लावून काम करत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आपण मजुरी कोणत्या तारखेला देतो ते एकदा तपासावं.

तुमच्यापुरता याचा अर्थ असा: पालकसभा कोणत्या महिन्यात घेता? आमच्या भागात वसतिगृहाच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायची घाई सुरू होते तेव्हा अंगणात बोचकी बांधलेली असतात, ट्रॅक्टर फाट्यावर येऊन उभा असतो. त्या दिवशी कुणीही कुठलाच नवा निर्णय घेणार नाही. जे मागच्या वर्षी केलं तेच करणार. हा विषय श्रावणात काढा. लोक गावात असतात, खुरपणी आटोपलेली असते, संध्याकाळी पारावर चार माणसं निवांत भेटतात.

लग्न आणि मोबाइलचं तुम्ही लिहिलंय ते जरा उलटून बघू. मोबाइल कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, असतो तेव्हा गावाकडच्या म्हाताऱ्या आईचा आवाज त्यातूनच येतो. अठरा तास राबून आल्यावर करमणूक म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट. लग्नाचं प्रकरण जड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात जवळपास २२ टक्के निघालं आणि एकट्या बीड जिल्ह्यात ४३ टक्क्यांच्या पुढे. याला मी कधीच पाठीशी घालणार नाही, लग्नं थांबवायला मी स्वतः पोलिसांना घेऊन गेले आहे. पण त्या आईबापाशी बसून बोललं की वेगळंच समजतं. मुलीला गावात ठेवावं तर सांभाळायला कुणी नाही, फडावर, ऊसतोडीच्या जागी, न्यावी तर रात्री जीव टांगणीला. लग्न केलं की काळजी उतरली, आणि जोडी झाली की तिकडे नवा कोयता झाला. धूमधडाक्यात का? कारण गावात पत टिकवायची असते. उद्या बाप आजारी पडला तर पाच हजार कोण देणार? पंगतीला जेवून गेलेला पाव्हणाच. उधळपट्टी आपण म्हणतो, त्यांच्या लेखी ती भावकीत ठेवलेली ठेव असते. ठेवीचा दुसरा बरा मार्ग दिसला की लोक तिकडे वळतात, हे मी गटात पाहिलं आहे. सगळे नाही. पण वळतात.

माझी आणखी एक फजिती सांगते. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आले की लोकांना स्वप्नं बघायला लावली पाहिजेत. बायकांना रंगीत खडू दिले आणि म्हटलं, पाच वर्षांनी तुमचं आयुष्य कसं असावं ते काढा. बायका लाजल्या, हसल्या. कुणी तुळस काढली, कुणी गाय. एकीनं चौकोन काढला, त्याला दार, दाराला आतून कडी. विचारलं, हे घर का? म्हणाली, “न्हाणी.” मी वरवर छान छान म्हटलं, पण घरी येऊन वहीत लिहिलं की ‘स्वप्नं फार छोटी आहेत’. ती वही अजून आहे.

त्याच हंगामात मी पहिल्यांदा कारखान्याच्या तळावर मुक्कामी राहिले. कोप्या एकमेकींना चिकटून. रात्री तीनला कुणीतरी मला हलवून उठवलं, “ताई, चला, उजाडल्यावर जमायचं न्हाई.” चार बायका जुनं लुगडं आडोशाला धरून उभ्या, पाचवी त्याच्या आत गार पाण्याचे चार तांबे अंगावर घेतीय, पलीकडच्या रस्त्यानं उसाच्या गाड्यांचे दिवे फिरतायत. पाळीतसुद्धा असंच. मग त्या चौकोनातली कडी मला कळली. ती बाई तिला माहीत असलेल्या जगातली सगळ्यात अवघड गोष्ट मागत होती, आणि तिची लांबीरुंदी मी माझ्या फूटपट्टीनं मोजत होते.

म्हणून ‘यांच्या अपेक्षाच कमी’ असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांचं काम पाहून एक मांडणी केली. आकांक्षा धरणं हीदेखील एक क्षमता आहे, ती वापरून वाढते, आणि ज्याला वापरायची संधी जास्त त्याच्याकडे ती जास्त असते. पैसेवाल्याचा पोरगा एक क्लास सोडतो, दुसरा धरतो, फसतो, पुन्हा करून बघतो. इथून तिथे कसं जायचं याच्या सगळ्या वाटा त्याच्या पायाखालच्या. आपल्या वर्गातल्या पोराला वाट चुकायची मुभाच नसते. चुकला की थेट फडात.

तुमच्या वर्गात विचारून बघा, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, पोलीस अशी पाठ केलेली उत्तरं येतील. जरा थांबून, पुस्तकातलं नको, खरं सांगा म्हणा. मला एका चौथीतल्या मुलानं सांगितलं होतं, “मुकादम.” का? “त्येला वाकावं लागत न्हाई.” त्याला रोज दिसणाऱ्या माणसांत पाठ ताठ असलेला तेवढा एकच होता. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावांत झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जिथे सरपंचपद लागोपाठ दोनदा महिलेसाठी राखीव राहिलं होतं, तिथे आईबापांच्या मुलीकडून आणि मुलींच्या स्वतःकडून असलेल्या अपेक्षा मुलग्यांबाबतच्या अपेक्षांच्या जवळ सरकल्या होत्या. भाषणं कुणी दिली नव्हती, बाई खुर्चीत बसलेली रोज दिसत होती. तुमच्या शाळेतून गेलेली एखादी मुलगी आज परिचारिका असेल, कुणी वीज मंडळात लागला असेल, तर पोरं ऊसतोडीला जाण्याआधी त्यांना वर्गात आणून बसवा. मोठ्या अधिकाऱ्याच्या व्याख्यानापेक्षा हे बरं. पोरांना ‘ही अमक्याची लेक, आपल्याच आळीतली’ असं म्हणता आलं पाहिजे.

आशा जास्त झाल्याचंही एक दुखणं असतं, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. पहाटे आमच्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं बघा. आईबाप कोयता चालवून अकादमीची फी भरतात. एक भरती हुकली, दुसरी हुकली, वय संपलं. ही पोरं आळशी नव्हती आणि निराशही नव्हती. वर जायचा एकच दोर दिसत होता आणि त्याला सगळं गाव लटकलं होतं. त्यातला एखादा पुढे घरात कोंडून घेतो तेव्हा लोक म्हणतात, हिंमत हरला.

‘नशीब’ या शब्दाबद्दलही एवढंच सांगेन की त्यावर हल्ला चढवू नका. बाई ‘आमचं नशीबच तसं’ म्हणते ते बहुतेक वेळा सगळं करून थकल्यावर, दुखऱ्या जागी लावायला. तिच्याकडून ते काढून घेतलं तर उरतं ‘चूक माझीच’, आणि त्यानं माणूस जास्त खचतो. दरवर्षी याच बायका वारीचं पक्कं ठरवतात बरं का! आषाढी कधी येणार ते ठाऊक असतं आणि ती कुणी रद्द करत नाही.

एक इशारा मात्र. सगळंच परिस्थितीवर ढकलू नका. कुणी दोन-तीन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, लेकराकडेही बघेनासं झालं असेल, ‘आता कशाला’ असं वारंवार बोलत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. कुणी जीव द्यायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता ‘आशा नाही म्हणून गरिबी हटत नाही का’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि इतरांनी सहा देशांतल्या अतिगरीब कुटुंबांसाठीच्या एका कार्यक्रमाचा अभ्यास २०१५ मध्ये मांडला. त्यात भारतातला भाग पश्चिम बंगालचा. कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा छोट्या धंद्याचा माल द्यायचा, सुरुवातीचे महिने खायला थोडे पैसे द्यायचे आणि कार्यकर्त्यानं दर आठवड्याला घरी जायचं. बंगालमधल्या कुटुंबांना दहा वर्षांनी जाऊन पाहिलं तेव्हाही ती बरोबरच्या इतर गरीब कुटुंबांपेक्षा पुढे होती. नुसत्या शेळ्यांच्या दुधातून येईल त्याहून फायदा जास्त दिसतो, लोक जास्त तास काम करू लागतात, मनानं हलके होतात, हे डुफ्लो यांनी ठळकपणे मांडलं आणि त्याचा संबंध आशेशी जोडला. माझा अनुभवही तोच, पण क्रम ध्यानात घ्या. आधी शेळी आणि चार महिन्यांची भाकरी, मग आशा. उलट्या क्रमानं केलेलं काम मी कधी टिकलेलं पाहिलं नाही. आपल्या राज्यानं १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा केला त्यातली खरी ताकद ‘हमी’ या शब्दात होती. काम मागितलं की मिळणार, एवढी खात्री असली तर माणूस उचलीला नाही म्हणायचा विचार तरी करू शकतो.

आणि हमी मोडली की काय होतं ते मी स्वतः केलेल्या चुकीतून सांगते. एका गावात मी घरोघर फिरून सांगितलं की दिवाळी झाली की वसतिगृह सुरू होणार, जेवण तिथे आणि रात्री झोपायला आजीपाशी, मुलं ठेवून जा. ११ घरांनी माझ्या शब्दावर मुलं आजीपाशी ठेवली. निधी आला नाही. वसतिगृह सुरू झालं डिसेंबर संपताना. दीड महिना त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी नातवंडांना दिली. दोन मुलांना बाप मध्येच येऊन घेऊन गेला, त्या खाड्याचे पैसे त्याच्या नावावर चढले. पुढच्या वर्षी माझ्या सभेला माणसं आली, चहा प्याली आणि म्हणाली, “बघू.”

त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. एकदा पोळलेल्या माणसानं सावध राहणं याला निराशा म्हणत नाहीत.

तो विश्वास परत यायला तीन हंगाम गेले. आम्ही गटाच्या बायकांकडून आणि दोन-तीन बागायतदारांकडून ज्वारी गोळा केली, पंधरा-वीस दिवस निघतील एवढी. निधी येवो न येवो, ठरल्या तारखेला चूल पेटलीच पाहिजे, एवढं एकच ठरवलं. पहिल्या वर्षी चारच मुलं राहिली. दर रविवारी संध्याकाळी मुलांना फडावरच्या आईबापांशी फोनवर बोलायला लावलं, एकही रविवार चुकवला नाही. दुसऱ्या वर्षी नऊ.

तेव्हा पालकसभेत शिक्षणाच्या महत्त्वावर बोलू नका, ते त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हातात कोयता धरणाऱ्याला ते पटवून द्यावं लागत नाही. तारीख सांगा, कोण स्वयंपाक करणार ते सांगा, रात्री मुलं कुणाच्या घरी झोपणार ते सांगा, आणि जे तुमच्या हातात नाही ते ‘माझ्या हातात नाही’ असं उघड सांगा. चारच मुलं आली तर चार.

तिसऱ्या वर्षी श्रावणात त्याच काकू, बैलवाल्या, नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, हिला यंदा ठिवायचं म्हणतीय. मी तारीख सांगितली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “तोंडी नगं ताई. कागदावर लिवून द्या, सही करून.”

मी लिहून दिलं. कागद त्यांनी चार घड्या घालून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला.